वाहन क्रमांक अनिवार्य आहे

स्टेशन रस्ता सायकलींसाठी सुरक्षित करायचं ठरलं आहे. ठरल्यावर नागरिकांना विचारायचंही ठरलं आहे. तशी जाहीर सूचना आतल्या पानावर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या आणि नाव बदललेल्यांच्या सोबतीला छापून आली. तीस दिवसांत हरकती व सूचना द्याव्यात, मुदतीत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल. तारीख ३ जून. २०१८ पासून हा जागतिक सायकल दिन असतो, तेव्हा निदान मुहूर्ताला कुणी नाव ठेवू शकणार नाही.

हरकत ऑनलाइन द्यायची आहे. अर्जात नाव आहे, मोबाइल आहे, प्रभाग आहे, पत्ता आहे. आणि पत्त्याच्या खाली, हरकतीच्या वर, एक चौकट आहे : वाहन क्रमांक. चौकटीच्या डोक्यावर लाल तारा.

म्हणजे सायकलवाल्यानं सायकलच्या रस्त्याबद्दल तोंड उघडण्यापूर्वी आपल्या वाहनाचा क्रमांक सांगायचा. तारा लाल असल्यामुळे चौकट रिकामी सोडता येत नाही. ‘सायकल’ असं लिहून पाहा; खाली तांबडी ओळ उमटते, ‘कृपया वैध वाहन क्रमांक टाका’. ‘नाही’ लिहून पाहा, शून्य टाकून पाहा, एक आडवी रेघ ओढून पाहा. सायकलच्या सांगाड्यावर ठोकलेला फ्रेम नंबर गुडघ्यावर बसून, गंज खरवडून वाचलात आणि टाकलात तरी ती बधत नाही. तिला आधी एमएच लागतं, मग दोन आकडे, मग अक्षरं, मग चार आकडे. हे ज्याच्याकडे आहे तो नागरिक.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी आणि क्रमांक मोटार वाहनाला मिळतो. सायकल पायानं चालते, त्यामुळे ती त्या व्याख्येत बसत नाही. कायद्यानं जे द्यायचं नाकारलं आहे, नेमकं तेच अर्जानं मागितलं आहे.

मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक दिलेला होता. तो लागला, हे आधी नमूद करतो.

“सर, गाडीचा नंबर टाका ना.”

“गाडी नाही. सायकल आहे.”

“हो सर, पण गाडी पण असेलच की.”

“नाही.”

पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आवाजात जरा सहानुभूती आली. “घरात कुणाची?”

“नाही हो.”

“सायकल कुठं लावता सर?”

“सोसायटीच्या पार्किंगमध्ये.”

“मग शेजारी एखादी गाडी असेल ना? तिचा टाका. सिस्टीम घेते.”

सिस्टीम घेते! आमच्या सोसायटीत पेपर टाकणाऱ्या पोराला मी ही युक्ती सांगितली, आणि त्यानं ती तंतोतंत अमलात आणली. तो रोज पहाटे स्टेशनवरून गठ्ठा घेऊन येतो, दोन्ही हँडलांना पिशव्या, कॅरियरवर तिसरा गठ्ठा, आणि रस्त्याच्या कडेला मुक्कामी असलेल्या गाड्यांमुळे त्याला भर रस्त्यात यावं लागतं, जिथं मागून पहिली एसटी येत असते. त्यानं सूचना लिहिली की सायकलींच्या पट्ट्यात मोठ्या गाड्या उभ्या करू नयेत, आणि चौकटीत आमच्या चेअरमनसाहेबांच्या मोठ्या गाडीचा नंबर टाकला, कारण त्या जिन्यापाशी तीच होती. सिस्टीमनं घेतली. आता सरकारी दप्तरात नोंद अशी आहे की एका पांढऱ्या मोठ्या गाडीनं स्वतःहून, कुणाच्याही दबावाशिवाय, आपल्यासारख्या गाड्यांना रस्त्यावर उभं राहू देऊ नये अशी मागणी केली आहे. इतकं आत्मपरीक्षण आमच्या सोसायटीत आजवर कुणी केलेलं नाही. दोन दिवसांनी चेअरमनसाहेब स्वतः अर्ज भरायला बसले. त्यांची सूचना तयार होती : सायकलींना वरची गल्ली द्या आणि स्टेशन रस्त्यावर दुहेरी पार्किंग करा. नंबर टाकला, तर उत्तर आलं, ‘या वाहनाची सूचना प्राप्त झाली आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.’ एका वाहनाला एकच सूचना! साहेबांनी आधी संगणकाला, मग मुलाला, मग वॉचमनला बोलावून घेतलं आणि गाडीपाशी जाऊन, मी खोटं सांगत नाही, तिच्याकडे संशयानं पाहिलं. सध्या ते चुलत्यांच्या गावच्या ट्रॅक्टरचा नंबर मागवून घेत आहेत.

एका वाहनाला एक सूचना. घटनेनं एका माणसाला एक मत दिलं, तेव्हा माणसाकडे किती वाहनं आहेत हे विचारलं नव्हतं, ती उणीव आता भरून निघाली. ज्या घरात दोन मोटारी आणि तीन स्कूटर आहेत, त्या घराला पाच सूचना. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याच्या आवारात तर अख्खा मतदारसंघ उभा आहे, काचेवर खडूनं किंमत लिहिलेला. आणि स्टेशन रस्त्यावर, लिंबाच्या झाडाखाली, एक फियाट आहे. तिची चारही चाकं गेलेली आहेत, बॉनेटमध्ये मांजरीनं पिल्लं घातली आहेत, मालक कोण हे कुणालाच ठाऊक नाही. पण नंबरप्लेट शाबूत आहे. त्यामुळे त्या फियाटला सायकल मार्गाबद्दल सूचना करण्याचा अधिकार आहे आणि तिच्या आडोशाला हातगाडीवर भाजी विकणाऱ्या, रोज मंडईतून सायकलवर पोती आणणाऱ्या माणसाला नाही. वर असंही म्हणता येईल की फियाट ही बाधित पक्षकार आहे, कारण आराखड्यातला सायकल मार्ग बरोबर तिच्या पोटातून जातो. तिचं पुनर्वसन आधी व्हायला हवं. तशी सूचना कुणीतरी तिच्याच नंबरावर केलीही असेल.

आपल्याकडे सायकलला नंबर कधीच नव्हता असं मात्र नाही. ज्यांची पन्नाशी-साठी उलटली आहे त्यांना बिल्ला आठवत असेल. नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला द्यायची, तो सायकलला लावून फिरायचं. बिल्ला नसला की दंड, रात्री दिवा नसला की दंड, डबलसीट दिसलात की उतरवून हवालदार चाकातली हवा सोडायचा. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे. आमच्या शहराला कुणी काही म्हणत नसे, पण संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की रस्ताभर घंट्याच घंट्या असायच्या. त्या काळात एकेक सायकल सरकारला नंबरानिशी ठाऊक होती, कारण तिच्यामागे चार पैसे होते. पुढे कर गेला, बिल्ला गेला. घेण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ओळखही गेली. आमच्या आळीतले एक निवृत्त मास्तर आईच्या ट्रंकेतला जुना बिल्ला खिशात घालून प्रभाग कार्यालयात गेले आणि हा नंबर चालेल का म्हणून त्यांनी विचारलं. कारकुनानं बिल्ला हातात घेतला, उलटा केला, उजेडात धरला आणि परत दिला. म्हणाला, “चालला असता काका, पण चालू वर्षाचा नाही.”

ऑनलाइन जमत नसेल त्यांच्यासाठी बैठकही होती. बुधवारी, सकाळी साडेअकराला, सभागृहात. ही वेळ ज्यानं काढली त्याला शहर पाठ आहे. साडेअकराला दूधवाला घरी जाऊन झोपलेला असतो. पेपरवाला पोरगा कॉलेजात असतो. धुण्याभांड्याच्या मावशी तिसऱ्या घरात, एमआयडीसीतली पहिली पाळी मशीनवर, रात्रीचा वॉचमन बदली न आल्यामुळे दिवसाच्या ड्यूटीवर. म्हणजे सायकलवरून उतरलेली झाडून सगळी माणसं कामावर, आणि सभागृहात उरलेले आम्ही. साहेब व्यासपीठावरून खेदानं म्हणाले की सायकलस्वारांमध्ये याबाबत अनास्था दिसते.

पडद्यावर कोपनहेगन दाखवलं गेलं. मग आमचा आराखडा. सायकल मार्गाची रुंदी एक पूर्णांक दोन दशांश मीटर, त्यात विजेची डीपी, बसथांब्याचा खांब, दोन जाहिरातफलक आणि दर गेटपाशी उतार, म्हणजे सायकल चालवताना अधूनमधून समुद्रावर गेल्याचाही आनंद. देशात सायकल मार्गाची मापं १९६२ सालीच छापून झाली आहेत. एका सायकलला दोन्ही बाजूंची मोकळीक धरून एक मीटर, आणि शेजारून दुसरी जाणार म्हणून किमान दोन मीटर. साठ वर्षांत ही मापं इथवर पोचलेली नाहीत, कारण त्यांना वाटेत डीपी लागली असणार. कुणीतरी विचारलं, समोरून दुसरी सायकल आली तर? सल्लागार म्हणाले, एवढ्या सायकली येतील असं आलेल्या सूचनांवरून वाटत नाही.

मग नागरिक बोलले. व्यापारी म्हणाले, आमचं गिऱ्हाईक सायकलवर येत नाही, दारातलं पार्किंग गेलं तर धंदा बसेल. त्यांच्या दुकानाचं शटर रोज सकाळी जो उघडतो, झाडतो, उदबत्ती लावतो, तो गडी सायकलवर येतो आणि सायकल मागच्या बोळात लावतो, कारण दारातल्या जागेवर दिवसभर मालकांचीच गाडी उभी असते. गिऱ्हाइकाला तिथं यायला जागा मिळालेली कुणी पाहिलेली नाही. त्यानंतर सायकलस्वारांचे प्रतिनिधी बोलले. ते डॉक्टर आहेत. दर रविवारी पहाटे हायवेवर सायकल चालवतात, आणि हायवेपर्यंत सायकल मोटारीच्या कॅरियरवर बांधून नेतात. त्यामुळे त्यांच्याकडे नंबर आहे, त्यामुळे त्यांचा अर्ज बसला, त्यामुळे अख्ख्या शहरातले ते एकमेव मान्यताप्राप्त सायकलस्वार आहेत. माणूस सज्जन आहे. त्यांनी हेल्मेटसक्तीची मागणी केली. स्टेशन रस्त्यावर आपण सायकल चालवत नाही, तिथं फार धोका आहे, असंही त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. टाळ्या पडल्या.

आणि मग ते उठले. कोण, ते तुम्ही ओळखलंत. प्रत्येक बैठकीत मागून दुसऱ्या रांगेत बसलेले असतात आणि त्यांना माईक लागत नाही. “रोड टॅक्स आम्ही भरतो!” हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत, त्यामुळे इथं जरा थांबतो, ज्यांना विनोदच हवा असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं. महोदय, आपण गाडीवर जो कर भरता तो राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. शहरातल्या या गल्ल्या, हे पेव्हर ब्लॉक, ही चेंबरची दोन इंच वर आलेली झाकणं मुख्यतः घरपट्टीतून आणि अनुदानातून होतात. घरपट्टी मावशीसुद्धा भरतात, दर महिन्याच्या खोलीभाड्यातून, पावतीशिवाय. सायकल विकत घेताना त्यांनी जीएसटी भरलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, त्याआधी १२ टक्के होता. आणि आपण आपली गाडी रात्रंदिवस, आठवड्याचे सातही दिवस, सगळ्यांच्या मालकीच्या जागेवर फुकट उभी करता. या शहरात दहा बाय दहाची खोली भाड्यानं मिळत नाही आणि आपल्या गाडीला मात्र तेवढीच जागा दाराशी, झाडाच्या सावलीत, मोफत मिळते. सरकारनं २००६ सालच्या नागरी वाहतूक धोरणात लिहून ठेवलं आहे की रस्त्याची जागा वाटताना वाहनं नव्हे, माणसं समोर ठेवा. वीस वर्षं झाली. माणसं अजून समोर येताहेत ती फक्त बॉनेटच्या.

बैठकीचा अहवाल लगोलग तयार झाला. प्राप्त सूचना अमुक. पैकी मोटार वाहनधारक : सर्व. पैकी सायकलस्वार : निरंक. निष्कर्ष, सदर रस्त्यावर सायकल वापरणाऱ्या नागरिकांची संख्या नगण्य असल्याचे दिसून येते. शिफारस, प्रस्तावित मार्गाची रुंदी कमी करून पार्किंगचा विचार व्हावा. यातला एकही आकडा खोटा नाही. दाराला कुलूप लावून आत कुणी आलं नाही असं लिहिलं, तर त्यात खोटं काय असतं? २०११ च्या जनगणनेत प्रगणक घरोघर गेले होते आणि त्यांनी सरळ विचारलं होतं, घरात सायकल आहे का? देशातल्या ४४.८ टक्के घरांनी हो म्हटलं. मोटार, जीप, व्हॅन मिळून ४.७ टक्के घरांत निघाल्या. ज्या वस्तूची मोजदाद खडूची खूण करत फिरणाऱ्या प्राथमिक शिक्षिकेला जमली, ती आमच्या सिस्टीमला जमत नाही, कारण शिक्षिकेनं कुणाला नंबर विचारला नाही.

आता मला राग आला आहे, आणि तो आवरावा असं वाटत नाही. कारण या शहरात सायकलवाल्याला नंबर मिळत नाही, हे खरं नाही. मिळतो. स्टेशन रस्त्यावर मागून धक्का बसला की रुग्णालयात पहिला नंबर मिळतो. मग पोलीस ठाण्यात गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो. मग शवविच्छेदनाचा नंबर. कुठल्याही लाल ताऱ्याशिवाय, सगळे अर्ज बिनबोभाट भरले जातात. आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, तिचं शीर्षक तुम्हा-आम्हाला तोंडपाठ आहे : अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार. अज्ञात वाहन! तिथं नंबर कुणालाच लागत नाही. सूचना करायची तर नंबर सक्तीचा आणि माणूस मारून निघून जायचं तर ऐच्छिक. ज्या व्यवस्थेला पेपरवाल्या पोराच्या दोन ओळी बिननंबराच्या म्हणून घेता येत नाहीत, तिला बिननंबराचं वाहन, बिननंबराचा चालक आणि ‘तपास सुरू आहे’ ही तीन शब्दांची चौकट सहज चालते. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून, धडक देऊन पळालेल्या वाहनानं जीव घेतला तर कुटुंबाला मिळणारी भरपाई २५ हजारांवरून २ लाखांवर गेली. ती मिळवायलाही अर्ज आहे. त्यात मात्र मारणाऱ्याचा नंबर नसणं हीच पात्रता आहे.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, अर्जातली एक चौकट तर आहे, कुणाच्या तरी हातून नजरचुकीनं राहिली असेल. पार्किंगच्या अर्जावरून उचलला असेल, बदलायला विसरले असतील. मलाही तसंच वाटतं, आणि म्हणूनच ती चौकट मला भयंकर वाटते. हे कारस्थान नाही. कारस्थान करायला निदान समोरच्याची दखल घ्यावी लागते. अर्ज बनवला, तपासला, त्यावर चार सह्या झाल्या, तो पडद्यावर दाखवला गेला, बैठकीला शंभर माणसं आली, आणि सायकलवाल्याला नंबर नसतो हे एवढ्या जणांतून एकाच्याही लक्षात आलं नाही. कारण त्यांच्यातल्या कुणालाच तो अर्ज भरताना अडचण आली नाही.

मी आवक-जावक विभागात जाऊन एक लेखी सूचना दिली आणि शिक्का घेतला. सूचना साधी होती. एक आठवडाभर, पहाटे साडेपाच ते नऊ, स्टेशन चौकात एक शिपाई खुर्ची टाकून बसवावा. हातात वही-पेन्सिल द्यावी. सायकल गेली की एक रेघ, पाचवी रेघ आडवी. खर्च : खुर्ची कार्यालयातलीच, पेन्सिल पाच रुपये, चहा वेगळा. आठवड्यानंतर रेघा मोजाव्यात आणि मग रुंदी ठरवावी.

उत्तर आलं, हे कबूल करायला हवं, आणि वेळेत आलं. ‘आपली सूचना स्तुत्य आहे. सदर कामी एक शिपाई उपलब्ध असून त्याची तयारीही आहे. तथापि सदर शिपाई हा स्वतः त्याच रस्त्याने सायकलवरून कामावर ये-जा करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, त्यास मोजणारा समजावे की मोजला जाणारा, याबाबत वरिष्ठ कार्यालयाकडून मार्गदर्शन मागविण्यात आले आहे.’